दाजींचे किल्लेदार

समुद्रातल्या किल्ल्यावरून परतणाऱ्यांच्या रांगेत, सहलीला आलेल्या एका परिचारिकेच्या पुढेच एक नवरा-बायको दबक्या आवाजात भांडत होते. परिचारिकेने मान वळवली, कान मात्र तिथेच ठेवले.

“गाइड काय म्हणाला, ऐकलंत ना? किल्लेदाराने शत्रूला दार उघडून दिलं आणि स्वतः चोरवाटेने पसार झाला.”

“गाइड काय, काहीही सांगतात.”

“लग्नाच्या बोलणीत तर तो तुमचा खापरपणजोबा होता!”

“तो... दुसरा असेल.”

“ऊठसूट माझ्या माहेराला हिणवलंत. म्हणे, आमचं रक्त लढवय्यांचं!”

“अगं, हळू! तुझा दादा येतोय. त्याला कळलं तर जन्मभर माझी सालं काढेल.”

“तो फोटो काढत होता. त्याने काही ऐकलं नाही.”

“मग तूही सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो.”

दादा धापा टाकत आला.

“काय दाजी, काय म्हणतात तुमचे किल्लेदार?”

दाजींनी देवाचा धावा करत डोळे मिटले.

“अरे, शेवटपर्यंत लढले!” बायको म्हणाली. “ते ऐकून यांनाही स्फुरण चढलंय. आजपासून रात्रीची भांडी हेच घासणार. हो ना हो?”

“हो.”

“आणि सकाळची?”

“सकाळचीही!”