जादा ड्रायव्हर

(बुधवारची संध्याकाळ, साउथहॅम्प्टन. गाडीच्या इन्शुरन्स कंपनीला लावलेला फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर, स्पीकरवर. फोन बोलतो ते सगळं इंग्रजीत, पण मंजिरीच्या कानात ते मराठीतच उतरतं. आज उतरलं नाही तर बरं, असं तिला वाटतंय.)

मंजिरी : एकवीसशे पौंड, पुष्कर. एका मुलीला आपल्या गाडीत बसवायचे एकवीसशे पौंड!

पुष्कर : बसवायचे नाहीत. चालवू द्यायचे.

मंजिरी : तेच ते. सहाशे चाळीसची पॉलिसी, तिचं नाव घातलं की थेट एकवीसशेवर. तेवढ्या पैशांत तुझे आईबाबा येऊन जातील.

पुष्कर : माझ्या आईबाबांना तू कधीपासून बोलवायला लागलीस?

फोन : तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तुमच्या पुढे दोन जण आहेत.

मंजिरी : ठेव ना तो. मी परवा ऑनलाइन सगळं भरून बघितलंय. आकडा तोच येणार.

पुष्कर : ऑफिसातल्या अनुपकडेही ओ पेअर आहे. वय आपल्या अक्षराएवढंच. त्यांना याच्या निम्मेसुद्धा पडले नाहीत.

मंजिरी : अनुप लीड्सला राहतो. त्याची ओ पेअर ऑस्ट्रेलियाची. हिचं लायसन्स नागपूरचं.

पुष्कर : पहिलं वर्ष चालतं नागपूरचं. आपण दोघांनी पहिलं वर्ष पुण्याच्या लायसन्सवर काढलं, ते विसरलीस?

मंजिरी : ओ पेअर म्हणजे काय? घरात राहायचं, आपल्या ईशिताला सांभाळायचं, सुट्टीच्या दिवशी इंग्लंड बघायचं. त्यात गाडी कुठून आली?

पुष्कर : गेल्या गुरुवारी आली.

मंजिरी : हं. तू काढणारच होतास ते.

पुष्कर : ईशिता स्विमिंगहून ओल्या केसांनी पाऊण तास बाकावर बसली होती. मी लंडनला, तू हॉस्पिटलमध्ये. अक्षरा बसने तिला आणायला निघाली होती, तर तिला तू मेसेज केलास. ‘जाऊ नकोस, मी आणते.’

मंजिरी : आणलं की मी.

पुष्कर : पाऊण तासानं.

मंजिरी : केस लांबली! मी भूल देते, पुष्कर. टेबलावरचा माणूस झोपेत टाकून येऊ?

पुष्कर : नको येऊस. म्हणून तर म्हणतोय, अक्षराला चावी दे.

मंजिरी : चावी. पाच महिने झाले तिला येऊन. आधी डबा झाला, मग वेणी झाली, वरण झालं, आता चावी.

पुष्कर : वरण कुठून आलं?

मंजिरी : ‘आई, तुझं वरण यलो सूप आहे. अक्षराताईचं रिअल आहे.’ असं म्हणाली ती मला. आठ वर्षं वरण करतेय मी.

पुष्कर : दोन. आधीची सहा वर्षं मी करत होतो.

मंजिरी : हळू बोल. वर आहेत दोघी.

फोन : तुमच्या पुढे एक जण आहे. वाट बघितल्याबद्दल आभार.

पुष्कर : तिचं वरण आपण दोघंही दोन-दोन वाट्या खातो.

मंजिरी : खाते ना. चांगलंच असतं. सगळंच चांगलं असतं तिचं.

फोन : हॅलो, मी ग्रॅहम. पॉलिसी कोणाच्या नावावर आहे?

मंजिरी : माझ्या. पण माझे मिस्टर बोलतील.

फोन : जरूर. बरं… परवा एक कोटेशन काढलेलं दिसतंय. जादा ड्रायव्हर, वय चोवीस, भारतीय लायसन्स. तीन वर्षांपूर्वी एक अपघात, चूक तिची, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान पाच हजार पौंड. बरोबर?

पुष्कर : कसला अपघात?

मंजिरी : पुष्कर—

पुष्कर : एक मिनिट हं, ग्रॅहम. …म्यूट केलंय. कसला अपघात?

मंजिरी : फाटक.

पुष्कर : कसलं फाटक?

मंजिरी : तिच्या नागपूरच्या शेजारच्या काकूंचं. रिव्हर्स घेताना तिनं ठोकलं ना, तिनंच सांगितलं.

पुष्कर : ते? ज्याच्यावर गाय अंग घासायची ते फाटक? अगं, जेवताना सांगितलेला किस्सा आहे तो! पोट धरून हसलो आपण. तू पाणी सांडलंस हसताना!

मंजिरी : फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, क्लेम केलेला असो वा नसो, कुठलाही अपघात. मी खोटं काहीही लिहिलं नाही.

पुष्कर : पाच हजार पौंड?

मंजिरी : तिच्या बाबांनी काकूंना पाच हजार दिले.

पुष्कर : रुपये!

मंजिरी : मी पाच हजार लिहिलं.

पुष्कर : आकड्याच्या आधी पौंडाची खूण असते, मंजिरी.

मंजिरी : होती.

पुष्कर : दिसली होती?

मंजिरी : दिसली होती.

पुष्कर : आणि आपल्या गाडीचा मागचा दरवाजा? तो कुणी चेपला, ते लिहिलंस?

मंजिरी : तुला दिसला तो?

पुष्कर : मला वाटत होतं, तू स्वतःहून सांगशील.

मंजिरी : स्विमिंगच्या पार्किंगमधला खांब. गेल्या गुरुवारी. ईशिता काचेतून दिसत होती बाकावर बसलेली, मी धड आरशातही बघितलं नाही. खांबाला काही झालं नाही.

फोन : हॅलो? आहात ना लाइनवर?

पुष्कर : मला कळत नाहीये. थंडीत कुडकुडते म्हणून गेल्या महिन्यात तूच अक्षराला कोट घेऊन दिलास. तेव्हा किंमतसुद्धा बघितली नाहीस.

मंजिरी : ती चांगली आहे रे. तोच तर ताप आहे. वाईट असती तर कधीच परत पाठवली असती.

पुष्कर : मग?

मंजिरी : रविवारी जिन्यात उभी होते मी. कपडे घेऊन. ईशिता तिला सांगत होती, वर्गातल्या त्या मुलीनं सगळ्यांना पार्टीला बोलावलं आणि हिला नाही. ‘मला खूप राग आला. मी रडली नाही. पण माझी पोट दुखली.’ मराठीत सांगत होती. सगळं. मी मराठीत विचारते तेव्हा काय येतं? ‘स्कूल वॉज फाइन, आई.’

पुष्कर : अक्षराचं इंग्रजी जरा—

मंजिरी : कारण नको देऊस. कारणं मला सगळी माहितीयत. ती दिवसभर घरी असते, मी नसते. ती चोवीसची आहे, मी चाळीसची. ती खाली बसून खेळते, माझे गुडघे दुखतात. सगळं पटतं. पटून काय करू?

पुष्कर : मला सांगायचंस तरी.

मंजिरी : काय सांगू? की मी त्या पोरीवर जळते? जिला मी ताटात वाढते तिच्यावर? गुरुवारचीच तेवढी वीस मिनिटं आहेत, पुष्कर. ईशिता मागे बसते, मी पुढे. आरशात नुसतं कपाळ दिसतं तिचं. बोलत नाही ती. खिडकीतून बघते. पण गाडीत तिसरं कुणी नसतं. तेवढंच उरलंय. ते पण उचलून द्यायचं, आणि वर इन्शुरन्सही आपणच भरायचा!

पुष्कर : मग गुरुवार तुझ्याकडेच ठेव.

मंजिरी : आणि पुन्हा केस लांबली तर तिनं ओल्या केसांनी बसायचं?

पुष्कर : तेच तर म्हणतोय मी.

मंजिरी : त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या विचारलंन, ‘अक्षराताईला का नाही पाठवलं?’ मी म्हटलं, तिला गाडी चालवता येत नाही.

पुष्कर : असं म्हणालीस?

मंजिरी : म्हणाले. तर म्हणते, ‘येते. तिने काकूचा गेट तोडलाय.’ काय अभिमान होता रे आवाजात. जसं काही हिनंच तोडलं.

पुष्कर : हसू नकोस.

मंजिरी : मी कुठे हसतेय?

पुष्कर : बरं. हा रुमाल घे.

फोन : हॅलो? मला आता कॉल बंद करावा लागेल.

मंजिरी : थांब, मी बोलते. काढ तो म्यूट. …हॅलो, ग्रॅहम? सॉरी. त्यातली एक गोष्ट चुकली आहे. नुकसान पाच हजार रुपयांचं होतं. पौंड नाही.

फोन : रुपये म्हणजे साधारण किती होतील?

मंजिरी : इथं दोघांचं बाहेरचं जेवण होईल. एक जुनं फाटक होतं. गाडीही वेगळी, तिच्या वडिलांची.

फोन : मग बराच फरक पडेल, मॅडम. असं कसं भरलं गेलं?

पुष्कर : ते चुकून—

मंजिरी : चुकून नाही. मी भरलं. बदला ते. आणि अजून एक लिहायचंय. माझा स्वतःचा एक अपघात आहे. गेल्याच आठवड्यातला. पार्किंगमधला खांब, माझीच चूक.

फोन : क्लेम केला नव्हतात?

मंजिरी : नाही. सांगितलाही नव्हता. कुणालाच.

फोन : नोंद करतो. …एक विचारायचं राहिलं. आठवड्यात ही गाडी सगळ्यात जास्त कोण चालवेल?

पुष्कर : मी सांगतो, मुख्य ड्रायव्हर माझी बायकोच—

मंजिरी : नाही. मी हॉस्पिटलला बसने जाते, गुरुवार सोडला तर. हे ट्रेनने जातात. शाळा, स्विमिंग, शनिवारचा मराठीचा वर्ग, सगळं तीच करेल. अक्षरा.

फोन : मग मुख्य ड्रायव्हर अक्षरा. आणि तुम्ही दोघं जादा ड्रायव्हर. चालेल?

मंजिरी : खरं तसंच आहे ना. लिहा.

पुष्कर : मंजिरी, तसं लिहिलं तर पैसे वाढतील.

मंजिरी : वाढू देत. आधी मीच वाढवत होते की.

फोन : एकूण तेराशे दहा पौंड होतायत, वर्षाचे.

पुष्कर : ठीक आहे. करून टाका.

फोन : तिनं गाडी कधीपासून चालवायची आहे? आत्ता या क्षणापासूनही चालू करता येईल. रक्कम तेवढीच राहील.

पुष्कर : आत्तापासूनच करा. उद्या गुरुवार आहे, मुलीला स्विमिंगहून आणायला—

मंजिरी : उद्या दुपारनंतर मी रजा टाकलीय.

पुष्कर : कधी टाकलीस?

फोन : मग तारीख कुठली घालू, मॅडम?

मंजिरी : शुक्रवारची घाला.