पाचवी क माझ्या मागे मागे

...नाही नाही नाही! यंदा पाचवी क मी घेणार नाही म्हणजे नाही, स्पष्ट सांगितलं मी हेडसरांना! भूगोलाचे तास वाढवा, या वयात मैदानावर कवायत घ्यायला लावा, गॅदरिंगला पडदा ओढायला उभा करा, सगळं करतो, पण ती पाचवी क नको! तर काय म्हणाले असतील? हसले. आमचे हेडसर हसले की समजायचं, काम आपल्याच गळ्यात पडलं. "पगारे," म्हणाले, "खेड्यावरची मुलं, नवी शाळा, बिचारी बावरतात... रुळतील हो, हळूहळू रुळतील!" रुळतील! यांना काय जातंय रुळतील म्हणायला?

तुम्हाला सांगतो, हे सगळं गेल्या जूनमध्ये सुरू झालं. हेडसर मे महिन्यात पुण्याला शिबिराला गेले होते. माणसाने एक वेळ आजारी पडावं, पण शिबिराला जाऊ नये! जाताना चांगला असतो, येताना योजना घेऊन येतो. योजना काय, तर खेड्यावर चौथी पास झालेली मुलं हायस्कुलात आली की गांगरतात, रडतात, आणि शेवटी शाळा सोडून घरी बसतात. म्हणून त्यांना एक मायाळू वर्गशिक्षक द्यायचा. मायाळू! आणि अख्ख्या स्टाफरूममध्ये यांना मायाळू कोण सापडला? मी! अहो, माझा चेहरा बघा ना. माझ्या लग्नाचा फोटो बघूनसुद्धा लोक हळू आवाजात विचारतात, कोण गेलं होतं? बायको निफाडला माझ्या आईवडिलांपाशी, मी इथे नाशकात रविवार कारंज्यामागे भाड्याच्या खोलीत, स्टोव्हवर पिठलं-भात, शनिवारी एस.टी.ने निफाड आणि सोमवारी परत... यात माया आणायची कुठून?

तर पहिला दिवस. एक बाई मुलीला घेऊन आल्या. लताबाई, पंचवटीत राहतात, मुलीची आत्या. मुलीचं नाव मैना. नामपूरकडची, गाव एवढंसं, शाळा चौथीपर्यंत, सगळ्या वर्गांना मिळून एकच गुरुजी. लताबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सर, भावाला कसंबसं तयार केलंय. थोरलीला त्यानं चौथीनंतर घरी बसवली, ती आता लोकांच्या रानात कांदे लावती. हिला धाडली खरी, पण म्हणालाय, पोरगी रडली, करमलं नाय, तर मी आलो नि घेऊन गेलो. तेवढं सांभाळा हो." आता हे ऐकून मला वाईट वाटलं, कबूल. पण मी म्हटलं, बाई, मी भूगोल शिकवतो! तर मागून हेडसर, "रुळेल हो, रुळेल!"

पोरगी वर्गात आली ती चपला बाहेर काढून. बरं. पिशवीतून गोणपाटाचा तुकडा काढला, कांद्याचा वास येतोय त्याला, तो अंथरला माझ्या टेबलाशेजारी जमिनीवर आणि बसली मांडी घालून. मी म्हटलं, अगं, बाक आहेत ना? तर बाकाकडे असं बघितलं, जणू तो बाक हेडसरांच्या घरचा आहे. म्हटलं, जाऊ दे, बस. हजेरी घेतली, तास झाला, बहिरूने टोल दिला. बहिरू आमचा शिपाई. मी खडू-डस्टर उचललं आणि निघालो नववी ब वर. फळ्यावर लिहिलं, 'भारतातील मृदा', आणि नववी ब हसायला लागली. मृदेत हसण्यासारखं काय आहे? मागे वळून बघतो तर... माझ्या टेबलाशेजारी गोणपाट, गोणपाटावर मैना!

"तू इथे कशी?"

तर डोळे मोठे करून मलाच विचारते, "गुरुजी, तुम्ही कथा चालनात? मना गुरुजी तुम्हीच शेतस ना?" म्हणजे कुठे निघालात, माझे गुरुजी तुम्हीच ना! अहो, बरोबरच होतं तिचं. तिच्या गावात सकाळी हजेरी घेणारा तो आपला गुरुजी, आणि तोच संध्याकाळी घंटा होईपर्यंत. मध्येच गुरुजी उठून चालला तर एक तर तो रागावला, नाहीतर पोरांना कुठेतरी न्यायचंय. मग आपण मागे जायचं! तास बदलला की माणूस बदलतो, हे त्या पोरीला कोणी सांगितलं होतं? मला सांगायला हवं होतं का? माझ्या डोक्यात येईल तरी का असं?

नेऊन सोडली पाचवी क मध्ये. तिथे हिंदीचे सर ओरडत होते, "एक लडकी कहाँ गई?" त्यांना बघून ती आणखीच आक्रसली. पुढच्या टोलला मी सातवी अ वर निघालो, तर मागे एक नाही, चार! हिला जाताना बघून खेड्यावरची बाकीची पण निघाली, हातात पिशव्या, काखेत गोणपाटं. मी पुढे, पाचवी क माझ्या मागे मागे! मी थांबलो की थांबतात, मी वळलो की वळतात, मी चिडून हात वर केला तर एकाने पण केला! जिन्यात बहिरू उभा. "सर, वरात कुठं निघाली म्हणायची? नवरदेव लयच उतरलाय तोंडानं!" म्हटलं, बहिरू, तू टोल दे बाबा, टोल दे.

आणि हेडसर? वरच्या मजल्यावरून बघतायत आणि खूश! "वा पगारे! मुलं चिकटली हो तुम्हाला! रुळतील, रुळतील!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर शाळा भरायच्या आधी स्टाफरूममध्ये धूळच धूळ, आणि मैना कुठूनसा खराटा मिळवून झाडतेय! गावाकडे मुलींनीच शाळा झाडायची पद्धत ना. मागे बहिरू डोक्याला हात लावून, "अगं ए बाय! माझं काम घालवती काय! नाय सर, ह्या पोरीला आवरा, हेडसरांनी बघितलं तर म्हणतील बहिऱ्या झोपा काढतो!" आता बहिरूचीही समजूत मीच घालायची! मायाळू ना मी!

मग मी ठरवलं, हिला नीट समजावायचं. मधल्या सुट्टीत बसवली, बाकावर बरं का, कडेला, अर्धी हवेत. म्हटलं, बघ, हे हिंदीचे सर, हेही तुझे गुरुजी. या गणिताच्या बाई, याही तुझ्याच. ते चित्रकलेचे, तेही. सगळे तुझेच! मला वाटलं, खूश होईल. एकाच्या जागी इतके गुरुजी!  तर पोरगी नख कुरतडत म्हणाली, "मी नई उनू तं कोनले समजी?"

मी आले नाही, तर कोणाला कळेल?

अहो, गावात ती एक दिवस आली नाही की गुरुजी संध्याकाळी घरी हजर... काय ग, ताप आला का, का आईने रानात नेलं? तिथे एकच गुरुजी होता, म्हणून त्याला कळायचं. आणि इथे ढीगभर! हिंदीच्या सरांना वाटणार गणिताच्या बाईंना माहीत असेल, बाईंना वाटणार वर्गशिक्षकाला, आणि वर्गशिक्षक... वर्गशिक्षक मी! मी बोलून गेलो, "मला कळेल. तू आली नाहीस तर मी विचारायला येईन. आणि मी आलो नाही, तर तू विचारायचंस. ठरलं?" तिने मान हलवली. मला मेल्याला कोणी सांगितलं होतं असलं काही ठरवायला?

पण तेवढ्याने मागे यायची बंद झाली. दारापर्यंत यायची, मी दुसऱ्या वर्गात शिरेपर्यंत बघत उभी राहायची आणि परत जायची. रडायची मात्र. आवाज नाही, काही नाही, नुसतं टपटप वहीवर. मी हेडसरांना म्हटलं, सर, पोरगी रडते. "रुळेल हो!" आणि एके दिवशी हजेरी घेतली, मैना... उत्तर नाही. टेबलाशेजारची जागा रिकामी. टोल झाला. मी निघालो, मागे वळून बघितलं, कोणी नाही. आता मला हलकं वाटायला हवं होतं की नाही? सुटलो म्हणायला हवं होतं! पाय उचलेना. नववी ब च्या दारात उभा राहिलो आणि तसाच जिना उतरलो. खाली हेडसर. "पगारे, नववी ब चं काय?"

मी म्हटलं, "रुळेल हो, रुळेल!"

गंगा, म्हणजे आमची गोदावरी हो, ती ओलांडून पंचवटीत लताबाईंच्या घरी पोचलो, धापा टाकत. बघतो तर दारात बोचकं बांधून ठेवलेलं, शेजारी मैना, नवं परकर-पोलकं, डोळे सुजलेले, आणि भिंतीला टेकून एक माणूस, तिचा बाप, सहादू. लताबाई मला बघून उठूनच उभ्या राहिल्या. "बघ दादा! आले की नाय? आले की नाय गुरुजी?" म्हणजे झालं होतं असं, की बाप सकाळीच घ्यायला आला होता. पोरगी म्हणाली, आज शाळेत गेले नाही तर गुरुजी विचारायला येतील. बाप हसला. म्हणाला, शहरमा कोन कोनले वळखस? शहरात कोण कोणाला ओळखतो? दुपारच्या गाडीपर्यंत बसतो, येऊ दे तुझा गुरुजी. आला तर तू राहा, नाही आला तर चल.

आणि मी नववी ब च्या दारात उभा होतो हो! जावं का न जावं करत! एक तास, मृदेचा एक तास घेतला असता ना, तर पोरगी गेली होती कांदे लावायला, जन्मभर!

सहादू उठला. माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही खरंच उनात?" मी म्हटलं, आलो ना. माया दाखवायची म्हणजे नेमकं काय करायचं, ते शिबिरात मला थोडंच नेलं होतं! मी म्हटलं, "भूगोल राहिलाय तिचा." बस्स. तो माणूस खाली वाकला, बोचक्याची गाठ सोडली आणि बहिणीला म्हणाला, चहा ठेव. मैना हसली, आणि मला... जाऊ द्या, चहा कडक होता, डोळ्यांत पाणी आलं.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती ना? सज्जन माणसाची संपली असती. माझी कसली संपते!

पोरगी रुळली. कशी रुळली म्हणता? आधी बाकावर पूर्ण बसायला लागली. मग गोणपाट माझ्या टेबलाच्या खणात ठेवून गेली ती न्यायलाच आली नाही. मग शेजारच्या बाकावरच्या मुलीशी गट्टी, डबा एकात एक, 'शे' जाऊन 'आहे' आलं, 'नई' जाऊन 'नाही' आलं, आणि एक दिवस 'गुरुजी' जाऊन 'सर' आलं. दारापर्यंत यायची पण बंद झाली. टोल झाला की गणिताची वही काढून तयार! हेच हवं होतं ना आपल्याला? हेच! मग मी तक्रार कशाची करतोय? तक्रार नाहीच करत मी, सांगतोय आपलं.

फेब्रुवारीत मी आजारी पडलो. ताप असा, की खोलीत उठून पाणी घ्यायची ताकद नाही. शनिवारी निफाडलाही गेलो नाही. बायकोला वाटलं, शाळेचं काम असेल. पडल्या पडल्या... आता तुम्ही हसाल... पडल्या पडल्या मी दाराकडे बघायचो. जिन्यात पावलं वाजली की वाटायचं, आली. ठरलं होतं ना आमचं! मी आलो नाही, तर तू विचारायचंस. पावलं यायची आणि वरच्या बिऱ्हाडात जायची. पेपरवाला, दूधवाला, वरच्यांचे पाहुणे... अख्खं नाशिक त्या जिन्याने चढलं हो, माझ्या दाराशी कोणी थांबलं नाही!

बरा झालो, शाळेत गेलो. स्टाफरूममध्ये हिंदीचे सर म्हणतात, "अरे पगारे, तुम्ही रजेवर होता?" बहिरू म्हणतो, "सर, जरा वाळल्यावानी दिसता." वर्गात गेलो, हजेरी घेतली, मैना, तर "हजर सर!" खणखणीत. मला राहवेना. मी विचारलं, "काय ग मैना, इतके दिवस मी नव्हतो..."

तर काय उजळला चेहरा पोरीचा! "हो सर! तुमचा तास ऑफ होता! आम्ही मैदानावर लंगडी खेळलो! सर... उद्यापण ऑफ आहे का?"

मी म्हटलं, "नाही बाळ. पुस्तक काढ."

हेडसर दारातून ऐकत होते. पाठ थोपटली माझी. "रुळली की नाही? मी म्हटलं नव्हतं!" आणि त्याच तोंडाने परवा म्हणाले, यंदाही पाचवी क तुम्हीच. हातखंडा आहे तुमचा! मी नाही म्हणालो. खूप वेळा नाही म्हणालो. मग काय, घेतली. खणात ते गोणपाट आहेच, कोणाला लागलं तर.

आणि आता टोल झाला की मी वर्गातून जरा हळू निघतो, दाराशी थांबतो, एकदा मागे वळून बघतो... तसं काही नाही हो, गुडघे दुखतात माझे!