बावीस वेळा बँकॉक

(नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातलं तळं. ऑक्टोबरची सकाळ, धुक्यात पलीकडचा काठ दिसत नाही. बाकावर मालिनी आणि तिचा नवरा जयप्रकाश; मुलगा श्रीहर्ष आणि सून गुंजन यांच्याकडे राहायला आलेले.)

मालिनी : म्हणजे बाजार संपला की मग झाडातलं डोकं. असंच ना?

जयप्रकाश : काय?

मालिनी : बुद्धाचं हो. पिंपळाच्या मुळांत अडकलेलं. सकाळी पाण्यावरचा बाजार, दुपारी डोकं, परतताना हत्ती. तुम्हीच सांगायचात. श्रीहर्षला मी तस्संच कळवलं.

जयप्रकाश : त्याला कशाला कळवलंस?

मालिनी : त्यानंच विचारलं. बँकॉकला त्याच्या कामातून एकच दिवस मोकळा मिळणार, मग आपण दोघं पुढे पुण्याला. त्या दिवसाची गाडी आज दुपारपर्यंत ठरवायचीय म्हणाला.

जयप्रकाश : हत्तीवर बसायचं नाही. अवनीनं बजावलंय.

मालिनी : नात सांगते तर नाही बसायचं. केळी खायला घालू, अंघोळ घालतात ती बघू. तुमच्या वेळी बसायचे सगळे.

जयप्रकाश : बसायचे.

मालिनी : तुम्हीही बसलात की. हौदा डुलतो, पोटात कालवतं, म्हणाला होतात.

जयप्रकाश : म्हणालो होतो.

मालिनी : फक्त एक घोळ आहे. गुंजननं नकाशा काढला. म्हणते, आई, बाजार नैऋत्येला आणि ती जुनी राजधानी, जिथे डोकं आहे, ती उत्तरेला. दोन्ही एका दिवसात करायचं तर दिवस गाडीतच जाईल.

जयप्रकाश : आमची बस लवकर निघायची.

मालिनी : किती लवकर?

जयप्रकाश : लवकर. खुदेमॉर्खन.

मालिनी : त्या सायकलवालीला कसला नमस्कार करताय, माझ्याकडे बघा. मी सुनेला म्हटलं, बावीस वेळा जाऊन आलेत, रस्ता ते दाखवतील. श्रीहर्ष गाईड घेऊ का म्हणाला, त्यालाही नको म्हटलं. घरचा माणूस असताना परका कशाला?

जयप्रकाश : गाईड असू दे.

मालिनी : का?

जयप्रकाश : मालू, ते डोकं मी पाहिलेलं नाही.

मालिनी : आं?

जयप्रकाश : बाजारही नाही. हत्तीही नाही.

मालिनी : सकाळी सकाळी थट्टा नको.

जयप्रकाश : मी तिकडे कशासाठी जायचो?

मालिनी : टूरच्या स्वयंपाकाला.

जयप्रकाश : मग? सत्तर माणसं. बँकॉकला गेली तरी त्यांना सकाळी पोहे, दुपारी पुरी-भाजी, रात्री वरण-भात. कंपनीची जाहिरातच तशी होती. पहाटे हॉटेलच्या तळघरात गॅस पेटवायचा. मंडळी हिंडायला निघाली की दुपारचं डब्यांत भरायचं, टेम्पोनं न्यायचं, कुठल्यातरी हॉटेलच्या मागच्या अंगणात मांडायचं. ते जेवून उठले की भांडी. एकदा भिंतीपलीकडे हत्ती ओरडलेला ऐकला. तेवढाच.

मालिनी : बावीस खेपांत एकदाही नाही?

जयप्रकाश : एकदा मॅनेजर म्हणाला, महाराज, आज चला, बसमध्ये जागा आहे. मी बूट घातले. तेवढ्यात कळलं, संकष्टी आहे. अकरा जणांचा उपवास, आणि साबुदाणा भिजत घातलेला नाही.

मालिनी : मग हे सगळं कुठून आणलंत? नारळाचा गूळ करणारी बाई, मगरीच्या जबड्यात मान घालणारा तो माणूस?

जयप्रकाश : वाढताना ऐकलं. लोक ताट घेऊन रांगेत उभे राहिले की तेच बोलायचे. साताऱ्याच्या एक बाई होत्या, त्यांनी ते झाडातलं डोकं असं काही सांगितलं की माझा पुऱ्यांचा एक घाणा करपला. खोटं एक अक्षर नाही, मालू. फक्त डोळे दुसऱ्यांचे. दोन दिवसांचं एका दिवसात जोडलं, तेवढं माझं.

मालिनी : आणि पोटात कालवलं ते?

जयप्रकाश : नागपूरचे एक वकील.

मालिनी : मला सांगितलं का नाहीत?

जयप्रकाश : पहिल्या खेपेहून आलो तर तू शेजारच्या दोघींना बोलावून बसवलं होतंस. काय काय पाहिलंत, म्हणून तुम्ही तिघी माझ्या तोंडाकडे बघताय. त्यांना तळघर सांगू?

मालिनी : मला सांगायचं, त्या गेल्यावर.

जयप्रकाश : दुसऱ्या खेपेला सांगणार होतो. तोवर तू श्रीहर्षकडून शाळेसाठी त्यावर निबंध लिहून घेतलास.

मालिनी : बक्षीस मिळालं त्याला.

जयप्रकाश : तेच.

मालिनी : जरा गप्प बसा.

जयप्रकाश : बसतो.

मालिनी : तुम्ही पाहिलं नाहीत याचा राग नाही मला. तुम्ही टूरवर असलात की दुपारी आडवी व्हायचे, डोळे मिटायचे, आणि ते पाणी दिसायचं. हिरवं. दोन्हीकडून होड्या, आंब्यांचे ढीग, आणि मधल्या होडीत तुम्ही, पांढरी टोपी घालून, हात पाण्यात सोडलेला. तीस वर्षं मी तुम्हाला तिथे बघतेय. आता त्या होडीत कोणाला बसवू?

जयप्रकाश : चुकलं माझं.

मालिनी : ते झालंच. स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंत, ते सांगा.

जयप्रकाश : काही नाही.

मालिनी : एवढ्या वेळा जाऊन?

जयप्रकाश : तळघराला मागून एक दार होतं. बाहेर पायऱ्या आणि कालवा. उजाडताना असंच धुकं असायचं, पाणी कुठे संपतं ते कळायचं नाही. त्यातून एक म्हातारी होडी घेऊन यायची. आधी वल्ह्याचा आवाज, मग टोपी दिसायची, मग ती. तिच्याकडे कोथिंबीर असायची, मुळांसकट. इथल्या पाकिटातल्या कोथिंबिरीला काही वास आहे का? तिची जुडी आत आणली की तळघर भरून जायचं.

मालिनी : बोलायचात कसं?

जयप्रकाश : बोटांनी. मी दोन जुड्या म्हणायचो, ती तीन टाकायची आणि हसायची. पुढे पुढे मी तिला गरम पुरी द्यायला लागलो. अर्धी खायची, अर्धी पाण्यात सोडायची.

मालिनी : पाण्यात का?

जयप्रकाश : घोरपड होती. माझ्याएवढी लांब. पायरीखालून निघायची, पुरी उचलायची, परत खाली. पाणी हलायचंसुद्धा नाही. नंतर नंतर तर कढईवर झारा वाजला की आपणहून वर येऊन बसायची.

मालिनी : भीती नाही वाटली?

जयप्रकाश : पहिल्या दिवशी वाटली. मग ती आली नाही की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मालिनी : हे कधी बोलला नाहीत.

जयप्रकाश : यात काय सांगायचं? म्हातारी आणि घोरपड. त्याला कोणी तिकीट काढून जात नाही.

मालिनी : म्हणजे पाण्यावरचा बाजार पाहिलात की.

जयप्रकाश : एकच होडी होती गं.

मालिनी : होती ना?

जयप्रकाश : होती. श्रीहर्षला फोन लाव. मीच सांगतो त्याला, आणि गाईड घे म्हणतो.

मालिनी : गाईड नकोच. मला पाठ आहे सगळं. बाजार ठरवू, डोकं राहू दे यावेळी.

जयप्रकाश : मग पहाटे उठून दशम्या करून घेतो. वाटेत भूक लागली तर...

मालिनी : काही करायचं नाही. मिळेल ते खाऊ. होडीत तुम्ही पुढे बसायचं. मी मागून सांगेन, कुठे बघायचं ते.