बल्ब हिरवा होता

नाही, उषाताई, नाव काढणार नाही मी — तुम्ही कितीही वेळा म्हणा — आणि उभ्या नका राहू, बसा, त्या खुर्चीवरच्या वायरी सरकवा बाजूला, करंट नाही त्यांच्यात — अथर्वच्या आई आहात म्हणून एवढं तरी बोलतेय, दुसरं कोणी असतं तर जिन्यावरूनच परत पाठवलं असतं. काय लिहिलंय मी इंटरनेटवर? एवढंच ना, की 'चाहूल'मध्ये बिघाड कसा झाला, कोणाच्या कामामुळे झाला, आणि ज्यांच्या-ज्यांच्या घरी ते लावलंय त्यांनी आजच्या आज बंद करा. त्यात अथर्वचं नाव आहे — तर आहे. काम त्याचं, मग नाव कोणाचं लिहू, शेजाऱ्याचं? पुण्याच्या कंपनीनं वाचलं, नोकरी अडली — हो, ऐकलं मी, आत्ताच सांगितलंत. मला वाईट नाही वाटत असं समजू नका. पण वाईट वाटण्याच्या आधी किळस येते. किळसच — दुसरा शब्द नाही माझ्याजवळ.

तुम्हाला 'चाहूल' काय आहे ते तरी सांगितलंय का त्यानं? नाही ना — वाटलंच मला. तर ऐका. माझे बाबा फौजेत होते, तोफखान्यात, रिटायर होईपर्यंत दोन्ही कान गेलेले. महूच्या घरी एकटे राहतात, हट्टानं — आणि मी इकडे स्नेहलतागंजात, या खोलीत, पोटापाण्याचं काम करत — पोलोग्राउंडच्या कारखान्यांची हजेरी, गोदाम, बिलं, असलं सॉफ्टवेअर लिहायचं, बोर काम, पण इमानदारीचं. तिकडे बाबा दार वाजलं तरी उघडणार नाहीत, कुकर शिट्ट्या मारून-मारून थकणार आणि डाळीचा कोळसा. म्हणून मी एक जुना मोबाइल घेतला, त्यांच्या भिंतीला टांगला आणि त्याच्यासाठी प्रोग्राम लिहिला — तो घरातले आवाज ऐकणार आणि बल्बला रंग सांगणार. दार वाजलं, निळा. कुकर, पिवळा. कोणी रडलं-ओरडलं, लाल. सगळं शांत, हिरवा. बस, एवढंच. पण एवढंच लिहिण्यात माझे सगळे रविवार गेले, उषाताई — कारण शिट्टी कुकरची की खालच्या ट्रॅफिकवाल्याची, पोर रडतंय की मांजर, हे मशीनला शिकवायचं म्हणजे आधी आपण कान लावून बसायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट — तो मोबाइलच बिघडला तर? माइक गेला तर? तेव्हा बल्ब हिरवा राहता कामा नये. तेव्हा त्यानं पांढरं लुकलुकायचं, भक-भक-भक, की बाबा रे, मलाच ऐकू येत नाहीये, माझ्या भरवशावर राहू नको. आवाज नाहीये आणि मला ऐकू येत नाहीये — या दोन गोष्टी एक नाहीत. बहिऱ्या माणसाच्या मुलीला हे शिकवावं लागत नाही.

मग मूकबधिर शाळेच्या एका मॅडमनी बाबांच्या घरी ते बघितलं, त्यांनी अजून दोन घरांत सांगितलं, तिथून पसरलं. फुकट. मी कधी धंदा नाही केला त्याचा — दिवसभर गिऱ्हाइकाच्या मर्जीनं लिहायचं, तर एक गोष्ट तरी आपल्या मर्जीची असावी ना, जिथे कोणी म्हणत नाही की जल्दी करो. आणि मग तुमचा अथर्व आला. स्वतःहून. म्हणाला, ताई, मला हे शिकायचंय. चांगला होता हो — खरं सांगते, हात चांगला होता त्याचा. एका ओळीवरून भांडायचो आम्ही, चहा गार व्हायचा, मग तोच उठून परत गरम करून आणायचा. मी तर ठरवूनच टाकलं होतं, माझ्यानंतर हे सगळं त्याच्या — जाऊ द्या. ते सोडा.

आता तुम्ही म्हणाल, ताईला एआयचा राग आहे. सगळे तेच म्हणतात. मी काय सोवळं पाळते? मीही वापरते. माझ्याच प्रोग्राममधली एक गोची, जी मला वर्षानुवर्षं सापडत नव्हती, ती त्यानं चुटकीसरशी दाखवली — त्या दिवशी मी खिडकी लावून बसले, इतकी स्वतःची लाज वाटली. हुशार आहे ते, माझ्याहून भरभर लिहितं. पण त्याला झोप उडणं माहीत नाही. माझा प्रोग्राम कोणाच्या घरी चालू असला की मी अर्धी तिथे असते — त्याचं तसं नाही, त्यानं लिहून दिलं, संपलं. म्हणून ते जे देईल ते आपण वाचायचं, ओळ न ओळ वाचायचं, एवढी एकच अट मी अथर्वला घातली होती. बाकी काही नाही. तो हसायचा — अरे ताई, क्या बात कर रहे हो, आजकाल कोण वाचतं?

मग बाबांना निमोनिया झाला, मी महूला जाऊन राहिले. परत आले तर यानं आख्खं 'चाहूल' नवीन करून ठेवलेलं — एआयकडून लिहवून. सुंदर दिसत होतं, खोटं का बोलू, काय तो स्क्रीन, काय ते रंग. मी विचारलं — वाचलंस? हो ताई. सगळं? एकेक ओळ, ताई, आणि सगळ्या टेस्ट पास आहेत. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला. मी कशाला शंका घेऊ? आपल्या माणसावर घेतं का कोणी शंका? लावलं सगळ्यांच्या घरी.

ईशाला भेटलायत का तुम्ही? नसालच. ती आणि तिचा नवरा निशांत, दोघं जन्मापासून बहिरे. तो पोलोग्राउंडला एका कारखान्यात लेथवर असतो, ती घरी ब्लाउज शिवते. मुलगी त्यांची सुरभी, ऐकू येतं तिला, नुकती चालायला लागलेली, गोड — ईशाबरोबर इथे आली की या टेबलाखाली बसून अथर्वच्या चपला पळवायची ती. तर त्या दुपारी पोर आत झोपलेली, ईशा बाहेरच्या खोलीत मशीनवर. पोर उठली, दाराशी आली, वाऱ्यानं दार आपटलं आणि बोटं बिजागरीत. ती रडली. किती रडली असेल — शेजारच्या कांताबाईंना भिंतीपलीकडून ऐकू गेलं, त्या म्हणतात, आधी वाटलं आई घेईल आता, आता घेईल — पण रडणं थांबेना, मग त्या धावल्या, दार बडवलं, इकडे कोणाला ऐकू जाणार, शेवटी खिडकीतून पाण्याचा तांब्या फेकला ईशाच्या पाठीवर. तेव्हा ती वळली. आणि उषाताई, ती पोरीला विसरून बेफिकीर बसलेली नव्हती हो. ती दर थोड्या वेळानं मान वर करून बल्ब बघत होती. बल्ब हिरवा होता. आत पोरगी किंचाळतेय, आणि बल्ब हिरवा.

बोटं वाचली. एका बोटाचं पेर गेलं. डॉक्टर म्हणाले, नशीब समजा. समजू या.

ईशा आली माझ्याकडे, पोरीला घेऊन, पट्टी बांधलेली. मला वाटलं, ओरडेल हातांनी, फोन फेकून मारेल. नाही. ती खाणाखुणांनी विचारत होती — मी बघत होते, खरंच बघत होते, माझ्याकडून लाल बघायचा राहिला का? म्हणजे तिला वाटत होतं चूक तिची! मी तिला तिथे बसवलं, तुम्ही बसलात तिथेच, आणि तिच्यासमोर तो प्रोग्राम उघडून वाचायला घेतला. सापडलं. नव्या प्रोग्राममध्ये घरातला आवाज ओळखून घ्यायला बाहेर पाठवला जायचा, इंटरनेटवरून, आणि त्या दुपारी तिचं नेट गेलेलं. उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही तर काय करायचं? त्या एआयनं लिहिलेलं — हिरवा ठेवायचा. आणि वर छानपैकी इंग्लिशमध्ये टीप, 'सुरक्षित स्थिती'. हिरव्याला सुरक्षित म्हणतंय ते! माझं पांढरं लुकलुकणं काढून टाकलेलं, फालतू समजून. आणि त्या टेस्ट, ज्या सगळ्या पास होत्या, त्याही त्यानंच लिहिलेल्या — पेपर काढणारा तोच, सोडवणारा तोच, तपासणाराही तोच. मग नापास कोण होणार? पोरगी झाली.

नाही, थांबा, मध्ये बोलू नका. चूक कोणाकडून होत नाही? प्रोग्रामरच्या चुका मोजायला बसलं तर जेवायला वेळ मिळणार नाही. तेवढ्यासाठी नाव नसतं लिहिलं मी, आईशप्पथ नसतं लिहिलं. मी अथर्वला बोलावलं, दाखवलं. पडला चेहरा. मान्यही केलं, वाचलं नव्हतं म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे, आता जा, ईशाच्या समोर उभा राहा, बोलता येत नसेल तर नुसता उभा राहा, तिला कळेल. हो ताई, जातो. आणि गेला नाही — मेसेज पाठवला. इतका मोठा, गुळगुळीत, हिंदीत. 'इस कठिन समय में हमारी संवेदनाएँ आपके परिवार के साथ हैं.' अथर्व असं बोलतो का हो? तुमच्या घरात कोणी बोलतं का? आणि शेवटी — 'आपके बेटे के शीघ्र स्वास्थ्य लाभ की कामना करते हैं.' बेटे के. जी पोरगी याच्या मांडीवर बसून बिस्किटं खायची, तिचा यानं बेटा केला. म्हणजे माफीही लिहवून घेतली, आणि तीसुद्धा वाचली नाही! ईशानं तो फोन माझ्यापुढे धरला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. रडली वगैरे काही नाही. नुसतं बघितलं. उषाताई, त्या रात्री मी जेवले नाही, आणि सकाळी नावासकट सगळं लिहून टाकलं.

तेव्हापासून? तेव्हापासून काही नाही. 'चाहूल' बंद आहे सगळीकडे. जुनं परत लावता येईल, सगळे विचारतात, कधी लावता म्हणून. बसते मी इथे, उघडते, आणि हात चालत नाही. रविवारी तर — रविवारी मी आता बाबांकडेच जाते, इथे नको वाटतं. चहा तरी कोणासाठी ठेवू?

लहान? लहान कुठे आहे, तीस ओलांडलेला घोडा आहे. पस्तावलाय म्हणता, मग त्याला तोंड नाही का? मला फोन नाही, ईशाकडे जाणं नाही, नोकरी अडकली तेव्हा आईला पुढे केलं. तुम्हाला या गुडघ्यांनी दोन जिने चढवले, आणि तो — काय म्हणालात? कोण थांबलाय?

खाली?

सरका जरा, मला गॅलरीत — हो. तोच आहे. स्कूटीवर बसलाय, पानवाल्याच्या समोर, मोबाइलमध्ये मान घालून. म्हणजे मघापासून इथेच आहे तो? मी इथे घसा फोडतेय, तुम्ही डोळे पुसताय, आणि हा खाली वाट बघतोय, आई काम करून आणेल म्हणून — शी. वाळलाय किती. वर बघितलं त्यानं. बघतोच आहे.

नाही. मी हाक मारणार नाही. तुम्हीही मारू नका गॅलरीतून. नाव तसंच राहील, आणि मला अजून काही बोलायचं नाही. या तुम्ही, उषाताई. सांभाळून उतरा, मधली पायरी तुटकी आहे.

दार? राहू द्या उघडं. हवा येते.