नागपंचमीले फावडं

हॅलो?… हॅलो?… हो, मी मारोतराव. गांधीबागेतून, भैयाजीच्या कापडाच्या दुकानातून… हो ऑपरेटर साहेब, आफ्रिकेचाच कॉल. सकाळपासून त्याच्यासाठीच बसून आहो… द्या, द्या.

हॅलो?… कोण, केशवची माय?… अवं मोठ्यानं बोल. तू आफ्रिकेत, मी नागपुरात, मधात समुद्र आहे… थांब. भैयाजी, पंखा बंद करता का जरा? ऐकू नाही येऊन राहिलं… हं. बोल आता.

मी ठीक आहो… जेवलो… वरण-भात… कालही वरण-भातच… मीठ नाही सापडलं, पण जमते तसंही.

माहं सोड. तू फोन काहून केला?… केशवनं त कळवलं होतं का तो शिकवते त्या शाळेले सुट्ट्या लागल्या, अन् तो तुले ट्रकात बसवून जंगल दाखवाले चालला. आठ-दहा माणसं, तंबू, चूल, बिछाना, सगळं ट्रकातच. मी इथं सगळ्यांले सांगून ठेवलं का आमची बाई आता जंगलात राहते.

कुठून बोलून राहिली तू?… म्बेया? हे कोणतं गाव?… टांझानियात. पोस्टातून. बरं… अन् बाकीचे?… बाहेर ट्रकापाशी, मीटिंग करून राहिले. काहाची मीटिंग?

तुह्याबद्दल?

अवं रडू नको. तू रडली का मले एक शब्द समजत नाही. नाक पूस अन् सांग.

हं… हं… तुले उतरवून देऊन राहिले? म्बेयातच?… अन् तिथून बसनं वापस, केशवच्या घरी, लुसाकाले… बरं. मंग त्यात रडण्यासारखं काय आहे? चांगलंच झालं. लुसाकाहून विमानात बस अन् ये. पोळ्याच्या आत घरी. मी मुंबईले येतो घ्याले. आजच तिकिटाचं पाहतो…

हॅलो?… आहे का वं?

काय?… पुन्हा म्हण… तुले वापस नाही याचं?

नाही, मी कुठं काय म्हणलं. मी बरं म्हणलं… काय पाहाचं आहे?… नदी… जनावरं नदी उतरतात… हजारोनं… अन् ते तुले पाहाचं आहे. असं तू म्हणलं? सगळ्यांसमोर? तोंडानं?… नाही, विचारलं आपलं. घरी तू कधी 'मले चहा पायजे' इतकंही म्हणलं नाही, म्हणून विचारलं.

मंग आता शिस्तीत सांग. केलं काय तू?

जोसेफ कोण?… ड्रायव्हर. अन् गाडीचा मुख्यही तोच. म्हणजे ड्रायव्हर अन् कंडक्टर एकच. हे काही बरोबर नाही, पण चालू दे… हं, नियम. कोणते?… काम सगळ्यांनं बारी-बारीनं कराचं… झाडं तोडाची नाहीत, लाकूड गावातून विकत घ्याचं… जनावराच्या जवळ जाचं नाही… लोकांचे फोटो विचारून काढाचे… राख अन् खरकटं खड्ड्यात, बाकी कचरा आपल्या संग. निघताना असं वाटलं पायजे का इथं कोणी आलंच नव्हतं… चांगले आहेत हो नियम. आमच्या एस.टी.त असे असते त मी रिटायरच झालो नसतो.

मंग, तुह्या बारीले काय आलं?… फावडं. खड्डा खणाचा… अन् तू खणला नाही. काहून? घरी त तू एकटीनं चुली घातल्या, अंगण खणलं… कोणता दिवस होता?

परवा?… परवा त नागपंचमी होती.

हं… मंग कशी खणशीन. बरोबर आहे तुहं… कांदेही चिरले नाही. नाहीच चिरत आपण… अन् तवा?… तवा चुलीवर चढू नाही दिला. घेऊन बसली मांडीवर. मंग त्या बिचाऱ्यांनं खाल्लं काय?… उकडलेले बटाटे. बरं.

अजून आहे?… दूध. कोणतं दूध?… वारूळ दिसलं… केवढं?… ट्रकाएवढं? एक वारूळ?… हं. ते पाहून त कोणालेही राहवलं नसतं. मंग पूजा केली… कुंकू तू संग नेलं होतं, आफ्रिकेत… अन् दूध पावडरचं. किती?… अख्खा डबा… अवं केशवची माय, नागोबाले पावडरचं दूध… नाही, त्याले काय मालूम पडते. पण तेव्हापासून सगळे काळा चहा पिऊन राहिले, त्यांले मालूम पडते.

म्हणजे त्यांले काय दिसलं ते पाय. बाई काम करत नाही, दुसऱ्याले करू देत नाही, तवा सोडत नाही, सगळ्यांचं दूध मातीत ओतते, अन् जिथं निशाणी ठेवाची नाही तिथं कुंकू लावून येते. मी असतो त मीही उतरवलं असतं.

नाही वं… अवं ऐक ना. ऐक त खरी. केशवनं नाही सांगितलं त्यांले? तो त तिथं इंग्रजीतून पोरं शिकवते… लाज वाटली? काहाची?… मंग काय सांगितलं त्यानं?

मायच्या डोक्याले ताप चढला. असं सांगितलं.

आता समजलं. म्हणून ते तुले डॉक्टरच्या गावात उतरवून राहिले. म्हणजे माणसं वाईट नाहीत… केशव कुठं आहे?… बाजूलेच उभा. दे त्याले फोन… दे म्हणलं नं.

केशव… हो, मी. तुही माय ठणठणीत आहे. हे तुले मालूम आहे अन् मले मालूम आहे, त्या ट्रकालेच मालूम नाही… ऐक गा. मधात बोलू नको. आत्ता बाहेर जा अन् सांग, आमच्याकडं वर्षातून एक दिवस कोणी जमीन खणत नाही, काही चिरत नाही, तवा चढवत नाही. जमिनीतल्या जिवाले लागू नाही म्हणून… तुले पटते का नाही, ते तुह्यापाशी ठेव. त्यांचा नियम रोजचा आहे, तिचा एक दिवसाचा. पण नियम तोच आहे, हे सांग… इंग्रजीत नाही जमत त हळूहळू सांग. अन् दुधाचा डबा तिथूनच घे, मोठा घे… अजून एक. मी जिंदगीभर कंडक्टरी केली. ज्याचं तिकीट शेवटपर्यंतचं आहे त्याले मधात उतरवता येत नाही. मायचं तिकीट कुठपर्यंतचं काढलं तू?… नदीपर्यंत. मंग झालं त… हो, लाज मलेही वाटून राहिली. पण तिची नाही. जा.

हॅलो… तू आहे का?… गेला?… जाऊ दे. तू फोन सोडू नको. खिडकीतून दिसते का ट्रक?… काय करून राहिला तो?… बोलून राहिला. हात हलवून… जमिनीकडं बोट दाखवलं… बरं, मंग?… भैयाजी, कापड जरा थांबून फाडा, आवाज होऊन राहिला… हं, बोल. ते काय करून राहिले?… हं… हं… जोसेफ ट्रकावर चढला. काहाले?… फावडं काढलं… पोस्टाकडंच येऊन राहिला? फावडं घेऊन?

भिऊ नको. केशव आहे नं संग… काय म्हणते तो?… विचार केशवले.

आज खणलं त चालते का, असं विचारून राहिला?

सांग, चालते. परवा पंचमी झाली, आज सप्तमी आहे. आज कितीही खण म्हणा… जोसेफ हसून राहिला?… अन् तू कायले हसून राहिली आता… हस, हस.

मंग जा. फावडं घे, थांबवू नको लोकांले… नाही, मले काही नाही पायजे… पाहून ये नीट. सगळी जनावरं उतरू दे, घाई करू नको. मंग मले सांगजो… मी ठीक आहो म्हणलं नं… मीठ? मीठ सापडलं… कुठं म्हणजे? जिथं होतं तिथंच… हो… हो… आधी तू ठेव वं… ठेव.

झालं, भैयाजी… नाही, येऊन नाही राहिली. पुढं चालली… मले घरात करमत नाही, तेवढं तिले सांगाचं होतं. राहिलंच. पंखा लावा आता.