कचेरीत फुटलेला नारळ

बायांनो, दुष्काळात मी देवीला नवस बोलले होते, "सासऱ्यांनी हौसेनं जमवलेल्या निजामाच्या नाण्यांना चांगला भाव येऊ दे. ज्याचं देणं त्याला देईपर्यंत मी गोड खाणार नाही." भाव आला, नाणी विकली, विहिरीचं काम मार्गी लागलं. मग वकील म्हणाले, "नफ्यावर सरकारचा कर लागतो."

यजमान म्हणाले, "सरकारला कुठं कळतंय?"

"देवीला कळतंय नं!"

संक्रांतीला मी तिळगूळसुद्धा तोंडात घातला नाही, तेव्हा कुठं ते मला घेऊन धाराशिवला निघाले. आयकराच्या कचेरीत कर भरला, पावती घेतली अन् मी पिशवीतून नारळ-गूळ काढून टेबलावर ठेवला. कारकून उठूनच उभा राहिला. "अहो बाई, उचला! लाच म्हणतील लोक!"

"लाच कशाची? नवस फिटला, नारळ फोडायचाय."

गलका ऐकून मोठे साहेब आले. "बाईंचं काम अडलंय का?"

"न्हाय साहेब, झालंय," कारकून म्हणाला.

"मग लाच कसली? फोडा पायरीवर."

गुळाचा पहिला खडा मी खाल्ला. यजमान पुटपुटले, "लई महाग पडला हा गूळ!"

तुम्हीही जुनं काही नफ्यात विकलंत, तर कर भरा, नारळही न्या. फक्त आधी पावती घ्या, मग नारळ काढा.