बांधावरच्या फुलाचं नाव

छातीठोक सांगत नाही, पण गाव बहुधा शहाद्याकडचं होतं. दगाभाऊ आणि भिकाआप्पा या चुलतभावांचा एका बांधावरून दावा चालू होता, आणि नेमकं तिथेच मला एक रानफूल दिसलं. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, आणि मला ते शास्त्रालाही अगदी नवं वाटलं. मी सहज म्हणालो, "नव्या फुलाला नाव देताना लॅटिनमध्ये माणसाच्या नावाला 'आना' जोडलं, की 'त्याचं' असा अर्थ होतो."

"मंग मन्हं नाव लावा, सर," दगाभाऊ म्हणाले. "कोर्टमा दखाडसू, बांध कोना शे ते!"

"येनं नाव लायं ते मी झाडच उपटी टाकसू," आप्पा उसळले.

मी घाबरून म्हणालो, "गावाचं देऊ. त्याला 'एन्सिस' लागतं."

बऱ्याच वर्षांनी एका वनस्पती-संग्रहात खात्री केली. त्या फुलाला केव्हाच नाव मिळालं होतं: आर्वेन्सिस, म्हणजे शेतातलं. कोणाच्या शेतातलं, ते त्यात सांगितलेलं नाही.